साखर निर्दोष, मीठ आरोपी

हैदराबाद ज्या ग्रॅनाइटच्या खडकावर वसले आहे, त्याच्या भेगांतून उपसलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट अशा आयनांची, म्हणजे विद्युतप्रभार असलेल्या कणांची, रेलचेल असते, आणि त्यांच्याच जिवावर जलशुद्धीकरण यंत्रांच्या विक्रेत्यांचा संसार चालतो. पुढील संवाद काचीगुड्यातील एका मराठी स्वयंपाकघरात घडतो असे समजावे. गृहिणी सर्वांत कमी बोलत असली, तरी पैसे तिच्याच डब्यात आहेत.

विक्रेता : (बोअरच्या पाण्यात टीडीएस-मापक बुडवून) काकू, इथे आकडा 620, आणि कंपनीच्या बाटलीतल्या पाण्याचा फक्त 40! घाण किती आहे ते यंत्रानेच सांगितले.

निवृत्त प्राध्यापक : यंत्राने पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढेच मोजले आणि त्याला ठरावीक गुणकाने गुणून विरघळलेल्या क्षारांचा, म्हणजे टीडीएसचा, लिटरमागे मिलिग्रॅममधला अंदाज दाखवला. त्या 40 च्या पाण्यात दोन चमचे साखर घालून पाहावी.

(साखर विरघळते. आकडा जवळजवळ जागचा हलत नाही.)

गृहिणी : एवढी साखर गेली आणि याला पत्ताच नाही?

प्राध्यापक : साखरेचा रेणू पाण्यात अखंड राहतो आणि त्यावर निव्वळ प्रभार नसतो. मीठ मात्र आयनिक संयुग आहे, म्हणजे त्याच्या स्फटिकात धनप्रभारित सोडियम व ऋणप्रभारित क्लोराइड हे आयन आधीपासूनच एकमेकांना धरून बसलेले असतात. पाण्याच्या रेणूंची किंचित ऋण असलेली ऑक्सिजनची बाजू सोडियमला आणि किंचित धन असलेली हायड्रोजनची बाजू क्लोराइडला वेढते, व दोघे सुटे होऊन हिंडू लागतात. यालाच विचरण म्हणतात. (त्याच पेल्यात चिमूटभर मीठ पडते, आकडा 2,000 ओलांडतो.)

विक्रेता : (घाईने) पण विजेचा प्रयोग अजून बाकी आहे! (दोन पेल्यांत लोखंडी कांड्या सोडतो; बोअरचे पाणी तपकिरी गढूळ होते, बाटलीतले निर्मळ राहते.) आता बोला, सर!

(सर बोलत नाहीत. निर्मळ पेल्यात चमचाभर मीठ टाकतात. थोड्याच वेळात तो बोअरच्या पाण्यालाही लाजवतो.)

प्राध्यापक : आयन असले की वीज वाहते, वीज वाहिली की धनाग्राचे, म्हणजे विजेच्या धन टोकाला जोडलेल्या कांडीचे, लोखंड झिजून पाण्यात उतरते आणि त्याचा तपकिरी साका होतो. ही घाण कांडीची आहे.

विक्रेता : हा सिद्धांत नवीन निघाला असावा, प्रशिक्षणात नव्हता.

प्राध्यापक : स्वान्ते अऱ्हेनियस यांनी विद्युतविचरणावरचा प्रबंध 1884 साली उप्साला विद्यापीठाला सादर केला, तेव्हा परीक्षकांनी त्यांना कसेबसे उत्तीर्ण केले, त्याच सिद्धांतासाठी 1903 मध्ये नोबेल मिळाले.

विक्रेता : म्हणजे पहिल्या घरी त्यांचाही डेमो फसलाच की!

गृहिणी : नलगोंड्याकडे फ्लोराइडच्या पाण्याने माणसांची हाडे वाकली. ते हा मापक दाखवील का?

प्राध्यापक : नाही. फ्लोराइड हाही आयनच, पण पिण्याच्या पाण्यात त्याची कमाल मर्यादा लिटरला 1.5 मिलिग्रॅम, 620 च्या गर्दीत तो ओळखू येणार कसा? त्याची चाचणी वेगळी. तुरटी आणि चुना वापरून तो काढण्याची ‘नलगोंडा पद्धत’ नागपूरच्या नीरी या संस्थेने विकसित केली; तुम्ही विकता त्या यंत्रातला आरओचा, म्हणजे उलट परासरणाचा, पडदाही तो बराचसा अडवतो.

विक्रेता : (उजळून) म्हणजे यंत्र चांगलेच आहे!

प्राध्यापक : यंत्राबद्दल तक्रार नव्हतीच. पुरावा खोटा आहे.

गृहिणी : मग पुराव्याचे पैसे किमतीतून वजा करा.

(ती साखर-मिठाच्या पेल्यात लिंबू पिळून तो विक्रेत्यापुढे ठेवते. तो सवयीने मापक बुडवतो, आकडा पाहून दचकतो, आणि बाहेरचे ऊन आठवून सरबत एका दमात संपवतो.)