राज्य कोणावर?

पकडापकडीत ज्याने इतरांना पकडायचं असतं, त्याच्यावर ‘राज्य’ असतं. मराठी पोरांना हा शब्द कुणी शिकवला कोण जाणे, पण प्रशासनाचा इतका नेमका अभ्यास कुठल्या विद्यापीठात झालेला माझ्या पाहण्यात नाही. राज्य आलं की ते दुसऱ्याच्या अंगावर ढकलायचं आणि पळ काढायचा. अगदीच गळ्याशी आलं तर मूठ तोंडाशी नेऊन ‘टाईम प्लीज’ म्हणायचं.

हे आठवलं ते भाचीमुळे. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला आणि तिच्या टोळक्याला कॉलेजच्या सगळ्या आवारात तीन दिवस पकडापकडी खेळायची होती, तीही प्राचार्यांच्या परवानगीने. यातला दुसरा भाग ऐकून मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

मूळ खूळ अमेरिकेतलं. बाल्टिमोरजवळच्या गाउचर कॉलेजात २००५ साली पोरांनी ‘माणसं विरुद्ध झोंबी’ असा खेळ काढला. सुरुवातीला झोंबी एकच. तो ज्याला हात लावेल तो झोंबी होणार. माणसांनी रुमाल दंडाला बांधायचा, झोंबींनी डोक्याला. झोंबीला खेळण्यातल्या बंदुकीची फोमची गोळी किंवा मोज्याचा बोळा फेकून मारला की तो १५ मिनिटं थंड. पण ४८ तासांत एकही माणूस हाती लागला नाही, तर तो झोंबी उपासमारीने मेला. वर्गात आणि ग्रंथालयात कुणी कुणाला शिवायचं नाही. “मामा, आपली साखळीच की ही, फक्त हात सोडून,” भाची म्हणाली.

तिकडेही परवानगी सहज मिळत नाही. २००७ साली व्हर्जिनिया टेकमध्ये एका विद्यार्थ्याने ३२ जणांचे प्राण घेतले. त्यानंतर बंदुकीच्या आकाराचं काहीही हातात घेऊन पळणाऱ्या पोराकडे कौतुकाने कोण पाहणार? म्हणून खेळ चालवणारी मुलं आधी आवारातल्या पोलिसांना भेटतात, भडक रंगाचीच खेळणी वापरू असं कबूल करतात. काही ठिकाणी बंदूक साफ बाद, नुसत्या मोज्यांवर भागवतात. याची थट्टा करवत नाही. भीती खरी आहे आणि उपाय मोज्याइतका साधा आहे. आपल्याकडे समिती आधी बसते, भीती कशाची ते मग ठरतं.

भाचीने बंदुका स्वतःहून वगळल्या आणि अर्ज लिहिला. ‘विषय : महाविद्यालयाच्या आवारात माणूस-झोंबी खेळण्यास परवानगी मिळणेबाबत.’ यातलं ‘मिळणेबाबत’ माझं. तिने ‘हवी आहे’ असं लिहिलं होतं. वय लहान आहे.

प्राचार्यांनी ‘झोंबी’ एवढंच वाचलं आणि ‘अभिप्रायार्थ’ असा शेरा मारून कागद मराठी विभागाकडे पाठवला. विभागाने आनंद यादवांच्या ‘झोंबी’ कादंबरीवर परिसंवाद आहे असं समजून त्या कादंबरीला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाल्याची आठवण करून दिली आणि सहर्ष संमती दर्शवली. पोरं पळणार आहेत हे कळताच संमती मागे घेऊन कागद क्रीडा विभागाकडे ढकलला.

क्रीडा संचालक भला माणूस. म्हणाले, “खो-खो असेल तर आत्ता सही करतो.” त्यांचंही बरोबर आहे. खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघातल्या नऊपैकी आठ जण बसलेले असतात आणि पाठीमागून खो मिळाल्याखेरीज कुणी उठत नाही. कुठल्याही कार्यालयाला हा खेळ आपला वाटावा. २०२५च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि पुरुष व महिला असे दोन्ही करंडक भारताने जिंकले. बसण्याचा एवढा सराव दुसऱ्या कुणाकडे असणार? असो. भाचीच्या खेळात बसणारं कुणीच नव्हतं. कागद सांस्कृतिक विभागाकडे गेला. त्यांनी मोज्यांचा उल्लेख पाहून, स्वच्छतेचा विषय म्हणून, एनएसएसला खो दिला.

मग समिती बसली. पहिला प्रश्न रुमालाच्या रंगाचा. भगवा, हिरवा, निळा, पिवळा असे एकेक रंग उच्चारले गेले आणि प्रत्येक वेळी खोलीत शांतता पसरली. पांढरा म्हटलं तर कुणीतरी टोपीची आठवण काढली. तासाभराने चौकड्यांच्या रुमालावर एकमत झालं. दुसरा प्रश्न हात लावण्याचा. मुलांनी मुलांनाच आणि मुलींनी मुलींनाच शिवावं अशी सूचना आली, तेव्हा भाचीने विचारलं, “सर, साथ असं विचारून पसरते का?” इतिवृत्तात हे वाक्य नाही.

झोंबीला मराठी शब्द शोधण्यात दीड बैठक गेली. ‘भूत’ म्हणावं तर २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आडवा येतो, असं एका सरांनी बजावलं. ‘बाधित’ म्हणावं तर सगळ्यांना २०२० आठवलं आणि दोघांनी नकळत खुर्च्या मागे सरकवल्या. ‘माजी माणूस’ हा शब्द मला मनापासून आवडला होता, पण माजी विद्यार्थी संघाला वाईट वाटेल असं ठरलं. पाण्याचा कूलर त्यांनीच दिलाय. ४८ तासांची उपासमार तर चर्चेला येण्याआधीच बाद झाली, कारण आवारात उपाशी राहणं म्हणजे उपोषण आणि उपोषण म्हटलं की पोलीस ठाण्याला कळवणं आलं. बिनशर्त पाठिंबा दिला तो फक्त ग्रंथपालांनी. जीव वाचवायला का होईना, पोरं आत येतील अशी त्यांना आशा होती.

प्रकरण तिथेच थिजायचं, पण कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ची भेट जवळ आली. समन्वयक मॅडमच्या लक्षात आलं की निकष ५, म्हणजे विद्यार्थी साहाय्य आणि प्रगती, या खान्यात दाखवायला काही नाही. दोन महिने धावलेला कागद दुपारी चारला मंजूर झाला. तीन दिवसांची पकडापकडी आता ‘भारतीय ज्ञान परंपरेतील क्रीडाप्रकार व जीवनमूल्ये : एकदिवसीय कार्यशाळा’ झाली होती. हजेरी सक्तीची.

मी मुद्दाम गेलो. सभागृहात दोनशे मुलं दंडाला चौकड्यांचे रुमाल बांधून खुर्च्यांवर बसली होती. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचं भाषण, पाहुण्यांच्या भाषणाबद्दल प्राचार्यांचं भाषण. प्रत्यक्ष खेळाला ११ मिनिटं उरली, ती फोटोत गेली. फोटो जिओटॅग केलेले लागतात, नाहीतर धरत नाहीत. अमेरिकेत पकडापकडीला ‘टॅग’ म्हणतात, हे मला तेव्हा आठवलं. फोटोग्राफर मैदानातल्या सहा मुलांना ओरडून सांगत होता, “पळताना दिसा, पण हलू नका!”

सगळे पुन्हा आत आले आणि आभारप्रदर्शन सुरू झालं. तेवढ्यात मागच्या रांगेत कुणीतरी पुढच्याच्या खांद्याला हळूच बोट लावलं. त्याने दंडावरचा रुमाल सोडून डोक्याला बांधला आणि शेजारणीच्या कोपराला शिवला. आवाज नाही, पळापळ नाही. आभारात मंडपवाल्यापर्यंत येईतो साथ निम्म्या सभागृहात पसरली होती आणि ‘ज्ञात-अज्ञात हातांचे’ आभार मानले जात होते तेव्हा ती पहिल्या रांगेत पोचली. माझ्याही मानेला कुणाचं तरी बोट लागलं. माझ्याकडे रुमाल साधा होता, तोच बांधला. व्यासपीठावरच्या मान्यवरांना मात्र शेवटपर्यंत काही झालं नाही.

अहवाल भाचीने परवा दाखवला. समारोपाच्या फोटोत दोनशे डोक्यांवर दोनशे रुमाल आहेत आणि खाली ओळ आहे : पारंपरिक वेशभूषेत सहभागी विद्यार्थी व एक पालक.