बर्फातल्या कोळंबीची कैफियत

बॉस्टन

ती. आत्यास,


‘पोरं तिकडे शिळी मासळी खातात’ हा तुझा आरोप बाबांनी फोनवर जसाच्या तसा पोचवला, वर स्वतःचं थोडं तिखटही घातलं. म्हणून हा खुलासा.

इथे कोळंबी दोन ठिकाणी मिळते. एक काचेमागे, बर्फाच्या चुऱ्यावर ऐटीत पसरलेली. दुसरी फ्रीझरमध्ये, पिशवीत. तू काचेवरच बोट ठेवशील. पण ती ऐटबाज बहुतेकदा पिशवीतलीच असते, दुकानदाराने वितळवलेली. पाटीवर बारीक अक्षरांत तसं कबूलही केलेलं असतं. तिला घरी आणून पुन्हा गोठवलं की संपलं. घरचा फ्रीझर सावकाश गोठवतो, मांसात बर्फाचे मोठे स्फटिक होतात, ते तंतू फाडतात आणि वितळताना सगळा रस ताटलीत. कारखान्यात एकेक कोळंबी झटक्यात गोठवतात, तिथे स्फटिक बारीक राहतात. म्हणून आम्ही पिशवी घेतो.

पिशवीवर ‘भारत’ लिहिलेलं असतं! अमेरिकेत येणारी कितीतरी कोळंबी आपल्याकडची, त्यातही आंध्रातल्या तळ्यांतली, वनामी जातीची. तिचं मूळ माहेर मात्र मेक्सिकोपासून पेरूपर्यंतचा पॅसिफिक किनारा. म्हणजे ही व्हिसाच्या रांगेत उभी न राहता माहेरच्या शेजारी आली.

शेवंड इथे टाकीत जिवंत ठेवतात. तिला आपल्या शेवंडीला नसतात तसल्या दांडग्या नांग्या, त्यांना रबरबँड. मेल्यावर तिच्याच पोटातले पाचकरस तिचं मांस पचवायला लागतात, फ्रिजमध्येसुद्धा. त्यामुळे मेलेल्या कच्च्या शेवंडीकडे इथले लोकही तुझ्याच नजरेने बघतात.

शिंपल्यांना आमचा प्रसाद पिशवीत घट्ट बांधून ठेवणार होता. म्हटलं, अरे, जीव आहे त्यांना, गुदमरतील! वाडग्यात ओलं फडकं टाकून फ्रिजमध्ये ठेवल्या. गोड्या पाण्यात बुडवल्या तरी मरतात.

शिजवण्याचं म्हणशील, तर इथला सरकारी सल्ला आहे आतून ६३ अंश सेल्सिअस. प्रसाद कालवणातल्या कोळंबीला थर्मामीटर टोचत बसला आणि तेवढ्यात तिचं रबर झालं. त्याच सल्ल्यात पुढे लिहिलंय की मांस मोत्यासारखं पांढरट दिसलं की झालं. तू बटाटा शिजल्यावर कोळंबी टाकून एका उकळीत गॅस बंद करतेस, त्यासाठी इथे यंत्र लागतं.

मे महिन्यात येतेसच, तर तिरफळं आण. जिवंत शेवंड पातेल्यात कोणी सोडायची यावर घरात एकमत नाही. प्रसादने तुझं नाव सुचवलंय.

तुझी,
मनू