हिशेबात नसलेला फाटा

मुंबई ते न्यूयॉर्क, आकाशातून सुमारे १२,५०० किलोमीटर. थेट विमानाला साधारण सोळा तास. जाताना थोडे जास्त, येताना कमी, कारण उंचावरचे पश्चिमी वारे परतीच्या विमानाला मागून ढकलतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं, तेव्हा कंपन्यांनी वळसा मोजला आणि वेळापत्रकं बदलली. वाऱ्याचा हिशेब होतो, शेजाऱ्याशी झालेल्या भांडणाचा होतो. पुण्यात नगर रोडवरच्या वाघोलीच्या केसनंद फाट्यावरल्या कोंडीचा होत नाही.

इथल्या सोसायट्यांत मुलगा-सून अमेरिकेत असलेली घरं खूप. बाळंतपणाला आई निघते. पुण्याचा लोहगाव विमानतळ हा हवाई दलाचा तळ, धावपट्टी जेमतेम अडीच किलोमीटरची. अमेरिकेला थेट विमान इथून नाही. म्हणजे मुंबई गाठणं आलं. विमान रात्री दोनचं, तीन तास आधी हजेरी, त्याआधी खंडाळ्याचा घाट, आणि त्याच्याही आधी नगर रोड. दुपारी चारला बॅगा लिफ्टमधून खाली येतात. तिकिटावर सोळा तास छापलेले असतात. विमान हलायच्या आधीच त्या माउलीचे दहा तास गेलेले असतात.

मुंबईच्या रस्त्याचं एकवेळ समजू शकतो. लोहगावचं काय? विमानतळ वाघोलीच्या थेट पश्चिमेला, धावपट्टी पूर्व-पश्चिम. पूर्वेकडून उतरणारं विमान आपल्या गच्चीवरून खाली येतं आणि दोनेक मिनिटांत जमिनीला टेकतं. तेवढ्याच अंतराला संध्याकाळी गाडीला तास लागतो. दिल्लीचा प्रवास दोन तासांचा आणि घर ते विमानतळ एक तास, हे प्रमाण कुठल्याही शहराला शोभणारं नाही.

कारणं सगळ्यांना पाठ आहेत. रांजणगाव-सणसवाडीचे कंटेनर, खाणींचे डंपर, खराडीच्या आयटीवाल्यांच्या गाड्या, आणि या सगळ्यांना मिळून एकच रस्ता. वाघोली महापालिकेत आली जून २०२१ मध्ये. कराची बिलं आली, रस्त्याची रुंदी होती तीच राहिली. मेट्रो मार्च २०२४ मध्ये रामवाडीला पोचून थांबली. तिथून वाघोली-विठ्ठलवाडीपर्यंतच्या विस्ताराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली, मुदत चार वर्षांची. मेट्रो हवीच, आणि ती दिलेल्या मुदतीत हवी.

पण चार वर्षं लोकांनी काय करायचं? अवजड वाहनांना ठरल्या वेळेबाहेर रस्त्यावर येऊ देऊ नका. केसनंद आणि आव्हाळवाडी फाट्यावर रात्रीही वाहतूक पोलीस उभे करा. वाघोली ते विमानतळ रात्रभर, ठरल्या वेळेला पीएमपीची बस सोडा. यातल्या एकाही कामाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी लागत नाही.