थांबता येईल का?

दादाला काहीही मागा, आधी प्रश्न येतो, "थांबता येईल का?" शेजारच्या काकूंनी विरजण मागितलं तरी हाच प्रश्न. काकू "येईल की" म्हणाल्या, तर दादा रमतगमत आत जातो. कुणी "नाही, आत्ताच हवंय" म्हणालं, की त्याच्या चेहऱ्यावर तेज चढतं. त्याचा जन्मच या दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी आहे.

वेल्ह्यात, तोरण्याच्या पायथ्याशी, घराच्या माळ्यावर बसून दादा लिनक्सच्या कर्नलसाठी, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी, ड्रायव्हर लिहितो. लिनस टोरवाल्ड्सने 1991 साली सुरू केलेलं हे कर्नल दादाने काकूंनाही समजावून सांगितलंय. नेटवर्क कार्डावर पॅकेट आलं की कार्ड प्रोसेसरला हाक मारतं. प्रोसेसर हातातलं काम टाकून धावतो. हा इंटरप्ट. एरवी मेमरी मागताना जीएफपी कर्नल म्हणायचं. मेमरी कमी असली तर कर्नल मागणाऱ्याला झोपवतं, मेमरीची इकडची तिकडची पानं रिकामी करतं आणि मग देतं. इंटरप्टमध्ये मात्र झोपायला सक्त मनाई, कारण तिथे झोपलेल्याला उठवायची सोयच नाही. तिथे जीएफपी अ‍ॅटॉमिक म्हणायचं. असेल तर आत्ता दे, राखीव साठ्यातलं दे, नाहीतर सरळ नाही म्हण.

"म्हणजे बघा काकू, पाहुणा दारात उभा आहे. आता भात भरडायला गिरणीवर जायचं नाही. डब्यात असेल ते द्यायचं, नसेल तर हात जोडायचे."

"पाण्याचं तरी विचारशील की नाही?" काकू म्हणतात.

कीर्तनात कुणी पेंगला, तर दादा शेजाऱ्याच्या कानात कुजबुजतो, "स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इन्व्हॅलिड कॉन्टेक्स्ट." कर्नल अशा चुकीला हेच म्हणतं. शेजारी समजतो, काहीतरी संस्कृत आहे, आणि मान डोलावतो.

गड चढायला आलेल्या पोरांनाही सुटका नाही. तोरण्याच्या डागडुजीत धन सापडलं आणि ते राजगडाच्या बांधकामाला लागलं, ही गोष्ट पोरं त्याला सांगायला जातात. दादा म्हणतो, "महाराजांनी धन हाती आल्यावर राजगड बांधायला काढला. तुम्ही मेमरी मिळाली की नकाराचा नल आला, हे न बघताच पॉइंटर वापरता!" पोरं गड न चढताच दमतात.

ऐनवेळी नकार येऊ नये म्हणून कर्नलवाले मेमरी आधीच काढून ठेवतात, त्याला मेमपूल म्हणतात. दादाचा मेमपूल खिशात असतो. भोरच्या एसटीसाठी नेमके सुट्टे पैसे, आणि आहेराची भरलेली पाकिटं. फक्त नवरानवरीचं नाव घालायचं बाकी.

2024 मध्ये 6.12 आवृत्तीबरोबर रिअल-टाइम लिनक्स मुख्य कर्नलमध्ये आलं, तेव्हापासून दादा आणखी कडक झाला. त्या व्यवस्थेत खऱ्याखुऱ्या इंटरप्टमध्ये अ‍ॅटॉमिक मागणीसुद्धा चालत नाही; बहुतेक हँडलर वेगळ्या थ्रेडमध्ये नेऊन चालवतात आणि तिथे झोपलं तरी चालतं. तर आता दारातल्या पाहुण्याला काहीच मिळत नाही. दादा आधी त्याला पडवीत नेऊन बसवतो, मग पाण्याचं विचारतो. काकूंना वाटलं, पोरगा सुधारला.

एवढं करूनही दादाचा राखीव साठा वाढतच गेला. चहा, साखर, मेणबत्त्या, सेल, काड्यापेट्या. घरातल्या प्रत्येक डब्यावर 'राखीव' अशी चिठ्ठी. कर्नलमध्येही राखीव मेमरीचा आकडा असतो, मिन फ्री केबाइट्स. तो भलताच वाढवलात तर बाकीच्यांना मेमरी न मिळून मशीन तिथल्या तिथे आडवं होईल, असं कर्नलच्या माहितीपुस्तकातच बजावलंय. दादा हे पुण्याच्या पोरांना फोनवर दटावून सांगत असतानाच आईने पापड्या भरायला एक रिकामा डबा मागितला. एकही नव्हता.

अशा वेळी कर्नलमध्ये ओओएम किलर जागा होतो आणि साधारणपणे सर्वांत जास्त मेमरी अडवून बसलेल्या प्रोसेसचा निकाल लावतो. आईने घरभर नजर फिरवली आणि वर बघून म्हणाली, "माळा रिकामा कर."

दादा हल्ली पडवीत बसून काम करतो. दुपारी तिथेच लवंडतो. नियमात बसतं.