एम.एच. चौदा

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेची दहावीची तुकडी घ्या, तिच्यात एक एम.एच. चौदा निघतोच. शाळेत तो ओळखू येत नाही. तिथं तो चारचौघांसारखाच असतो. गणिताच्या तासाला खिशातल्या शेंगा खातो आणि टरफलं शेजारच्याच्या दप्तरात टाकतो. पुढं तो अकरावी-बारावीला लातूर गाठतो, तिथून पुण्याला इंजिनिअरिंगला जातो, हिंजवडीत नोकरीला लागतो आणि एका दिवाळीत पिंपरी-चिंचवड पासिंगची पांढरी गाडी घेऊन गावात उतरतो. त्या दिवशी त्याचं बारशातलं नाव संपतं. आमच्याकडच्या गाड्या अंबाजोगाईच्या ४४ नंबरच्या, नाहीतर बीडच्या २३ च्या. मोंढ्यात १४ नंबर दिसला की चहाच्या गाड्यावरून हाळी येते, "चौदा आला रे!"

पुणं आम्हाला नवीन आहे अशातला भाग नाही. अंबाजोगाईला मराठवाड्याचं पुणंच म्हणतात; म्हणणारे बहुतेक अंबाजोगाईचेच असतात, ही गोष्ट वेगळी. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आमची. त्यांचा 'विवेकसिंधू' शके १११० चा, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही शंभर वर्षं आधीचा. दासोपंतांनी तर इथं चक्क पासोडीवर ग्रंथ लिहिला. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण स्मृतिसमारोहात शास्त्रीय गाणं ऐकायला आम्ही थंडीत कानटोपी घालून बसतो. एवढं सगळं घरात असताना हा खऱ्या पुण्याला गेला आणि परत आला तो असा, की त्याच्याशी वागावं कसं हेच कळेना.

त्याचं येणंच बघा. माझं मोंढ्यात बी-बियाणांचं दुकान. एकदा चौदाची गाडी दुकानासमोर येऊन थांबली. काचा वर, एसी चालू, आत चौदा. मी गल्ल्यावरून त्याला बघतोय, तो मला बघतोय. मी हात केला, त्यानंही केला. आणि माझा फोन वाजला.

"बिझी आहेस का?"

"न्हाई. तुझ्याकडंच बघायलोय."

"नाही, म्हणजे पाच मिनिटं आत येऊ का?"

जो पोरगा आमची माय शेतात गेलेली असताना बाहेरून कडी काढून, शिंक्यातलं दही खाऊन, वाटी धुऊन पालथी घालून जायचा, त्याला आता दुकानात पाय ठेवायला परवानगी लागत होती. पेरणीच्या दिवसांत माझ्या दुकानात म्हशीसुद्धा विचारून येत नाहीत.

घरी आणला तर आणखी पंचाईत. आमच्याकडं पहिला नकार मोजत नाहीत. "चहा घेता?" "नको," ही नुसती सुरुवात असते. दुसरा नकार म्हणजे पाहुणा लाजायलाय, आणि तिसऱ्यापर्यंत चहाला उकळी आलेली असते. मायनं रीतसर विचारलं. चौदा म्हणाला, "नको काकू, साखर बंद केलीय." माय म्हणाली, "बरं, गुळाचा करते." तर हा म्हणतो, "काकू, नको म्हणजे खरंच नको." सगळे गप्प. इतका स्पष्ट नकार आमच्या घरात याआधी फक्त बहिणीच्या एका स्थळाकडून आला होता.

जाताना तो मायला म्हणाला, "काळजी घ्या, काकू." आमचं गाव दवाखान्याचं, आशिया खंडातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आमचं, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला आम्ही सांगतोच. इथं 'काळजी घ्या' म्हणतात ते डॉक्टर, आणि तेही रिपोर्ट बघून. गाडी गल्लीतून वळायच्या आत मायनं मला कोपऱ्यात घेतलं, "खरं सांग, माझ्या तपासणीत काय निघालंय?"

मग आडनावाचं. आमच्याकडं ओळख म्हणजे नाव, आडनाव, गाव, मामाचं गाव. एवढं विचारूनही नातं निघालं नाही तर दोन्हीकडच्यांना वाईट वाटतं. माझ्या चुलत्यानं चौदाच्या बायकोला पहिलाच प्रश्न टाकला, "माहेरचं आडनाव काय म्हणलीस बाई?" चौदा ताठ झाला. त्यांच्या ऑफिसात आडनावाची चौकशी असभ्य म्हणे. साहेबालासुद्धा नुसत्या नावानं हाक. आम्ही त्याला सांगितलं, बाबा, ही काही आता पुण्याची मक्तेदारी राहिली नाही. २०२५ मध्ये आमच्या बीड पोलिसांनीही टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावं काढून नुसती नावं ठेवली. या जिल्ह्यात आडनावावरून काय काय चालतं, हे पोलिसांइतकं कुणाला ठाऊक असणार! चुलत्याचं म्हणणं पडलं, "पाटीनं काय होतंय? मामाचं गाव सांग, आडनाव मी काढतो." आणि काढतो, हे खरं आहे.

पण चौदाला बरोबर ओळखला तो आमच्याच तुकडीतल्या मुकादमानं. दसरा झाला की आमच्या जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवर म्हातारीकोतारी तेवढी उरतात. टोळ्या सांगली-कोल्हापूरकडं, कर्नाटकातल्या कारखान्यांवर ऊस तोडायला जातात त्या उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. हा गडी त्या टोळ्या नेतो. एका संध्याकाळी खताच्या पोत्यावर बसून त्यानं चौदाची उलटतपासणी घेतली.

"तुला कामाला लावलं कुणी?"

"एक कन्सल्टन्सी आहे. ते कंपन्यांना माणसं देतात."

"म्हंजे मुकादम. त्याला काय भेटतंय?"

"कंपनीकडून कमिशन."

"बराबर. आन् तुला जायच्या आधी काय दिलं?"

"जॉइनिंग बोनस."

"उचल. मधीच सोडून आलास तर?"

चौदा जरा थांबला. "वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यावा लागतो."

"फिटल्याबिगर सुटका न्हाई." मुकादमानं मान डोलावली. "वहिनी बी त्याच कंपनीत?"

"हो, दुसऱ्या टीममध्ये."

"मग पुरा कोयता हाय की लेका! मी आपला अर्धाच धरून चाललो होतो."

नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा गडी म्हणजे अर्धा, हा ऊसतोडीचा हिशोब. अर्थात पहाटेच्या थंडीत फडात मोळ्या बांधणाऱ्या बाईला हा विनोद ऐकवायची माझी छाती नाही. चौदा मात्र हसला नाही, रागावलाही नाही. जाताना हळूच मला म्हणाला, "टोळी पळाली तर मुकादम काय करतो रे?" मी म्हटलं, "गावात येऊन दारात बसतो." "आमच्याकडं एचआरचा मेल येतो," तो म्हणाला आणि त्याच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदाच कंपनीबद्दल खरी माया दिसली.

वेळेचं एक राहिलंच. पत्रिकेत लग्न १२ वाजून ३५ मिनिटांनी असं छापलं, की चौदा १२ वाजून २० मिनिटांनी मंडपात हजर. तिथं आचारी, मंडपवाला आणि चौदा. नवरदेव अजून मारुतीच्या पारावर. त्याला कुणी तरी आठवण द्यायला हवी होती की आमच्या गावाची मूळ गोष्टच हुकलेल्या मुहूर्ताची आहे. योगेश्वरी देवी कोकणातून परळीच्या वैजनाथाशी लग्न करायला निघाली, मुहूर्त टळला, वऱ्हाड इथंच दगडाचं झालं आणि देवी कुमारिका राहिली. हत्तीखान्यातले दगडी हत्ती त्याच वऱ्हाडातले, असं जुनी माणसं सांगतात. परळी इथून पंचवीसेक किलोमीटर. तेवढ्यात देवाचं लग्न हुकतं, तर केजहून निघालेल्या मामाची तासभर वाट बघायला काय हरकत आहे?

इथवर सगळं समजण्यासारखं होतं. पुण्याचं वारं लागलंय, म्हणून आम्ही सोडूनही दिलं असतं. कोडं पडलं ते पुढं. बियाणे कंपनीच्या बैठकीला पुण्याला गेलो आणि मुक्कामाला वाकडला चौदाकडं उतरलो. दार उघडलं तर आत दुसराच माणूस. "ये गड्या, कव्हा निघालतास?" अंगात बनियन, ताटात ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, बुक्कीनं फोडलेला कांदा. मी भाकरीला नको म्हटलं, ताटावर हात आडवा धरला. यानं हात उचलून बाजूला ठेवला आणि वाढली! खालच्या मजल्यावरच्या काकांना बालाघाटची सीताफळं नेऊन दिली आणि बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, हे त्यांना जिन्यात उभं करून ऐकवलं. सोसायटीच्या सभेत तो बोलायला उठला की लोक मोबाईल काढतात, असं त्याची बायकोच म्हणाली. कारण भाषण ठरलेलं: आमच्या अंबाजोगाईत पाहुणा विचारून येत नाही, आमच्या अंबाजोगाईत नको म्हटलेलं कुणी ऐकत नाही. तिथंही त्याचं बारशातलं नाव कुणी घेत नाही. सोसायटीत त्याला म्हणतात 'बीड'. टीव्हीवर जिल्ह्याचं नाव वाजलं की ग्रुपवर सगळे त्यालाच विचारतात, जणू आम्हा सगळ्यांचा जामीनदार तोच. आणि हा दर वेळी उत्तराला मुकुंदराजांपासून सुरुवात करतो.

रात्री मी विचारलं, "मग गावाकडं आलास की असं कामून करतोस?"

"असं म्हणजे कसं?" तो म्हणाला. आणि त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

ते खालच्या मजल्यावरचे काका चित्पावन. त्यांच्यातल्या कितीतरी घरांची कुलदेवता आमची योगेश्वरी, त्यामुळं पुण्याची मंडळी ओटी भरायला इकडं येत असतात. चौदा एकदा त्यांना आपल्या गाडीतून घेऊन आला. वाटभर शिकवणी चालू होती म्हणे: चहाला नाही म्हणू नका, आडनाव विचारलं तर मनावर घेऊ नका, जेवायला वेळ लागतो, पण साडेतीनला आपण निघायचं.

दर्शन करून सगळे आमच्याकडं जेवायला आले. काकांनी आधी गुळाचा चहा घेतला आणि आणखी अर्धा कप मागितला. चुलत्यानं आडनाव विचारलं. काकांनी आडनाव, गोत्र, कोकणातलं मूळ गाव आणि तिथून घराणं कसं हललं ते सगळं सांगून उलट चुलत्याच्याच मामाचं गाव विचारलं. चुलता भारावला. इतकं भरभरून उत्तर त्याला जन्मात कुणी दिलं नव्हतं. माय भाकरी वाढायला आली तेव्हा काका "अर्धीच" म्हणाले आणि अख्खी संपवली. साडेतीन वाजले, साडेचार वाजले. चौदा दारात गाडीची किल्ली बोटात फिरवत उभा. "काका, निघायला हवं. उशीर झाला तर वाघोलीला अडकू."

काकांनी भिंतीला पाठ टेकली आणि पाय लांब केले. "अहो, बसा हो जरा. तुमचं नेहमीचंच आहे, घाई," सदाशिव पेठेत जन्मलेले ते गृहस्थ म्हणाले. मग मायकडं वळले, "वहिनी, रात्रीला काय बेत?"