हीटर चालू, काचा बंद

शहाड आणि टिटवाळ्याच्या मधलं स्टेशन म्हणजे आंबिवली. इथे ऊब कुणाला विकत घ्यावी लागत नाही. संध्याकाळच्या कसारा लोकलमध्ये ती शेजारचा प्रवासी फुकट देतो आणि मे महिन्यात ती पत्र्याच्या छपरातून घरपोच येते. अशा गावात दादाने हीटरवाली गाडी आणली.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. 1974 साली तिचं हे नाव पडलं, पण कुर्ल्यापासून कसाऱ्यापर्यंत लोक तिला फियाटच म्हणत राहिले. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून काळीपिवळी पद्मिनी कायमची उतरली तेव्हा पेपरांनी गळा काढला, दादानेही काढला, आणि गळा काढून झाल्यावर तो देवळालीला जाऊन ही गाडी घेऊन आला. आधीच्या मालकाने तिकडच्या थंडीसाठी डॅशबोर्डखाली हीटर बसवून घेतला होता. तो काढून टाकू, पाय ठेवायला जागा होईल, असं वहिनी म्हणाली. दादा तिच्याकडे असा बघायला लागला, की तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

हीटरचं काम साधं आहे. इंजिन थंड ठेवायला फिरणारं पाणी तापतं, त्यातलं थोडं रबरी नळीतून एका छोट्या रेडिएटरमध्ये यायचं, पंख्याने त्यावरून वारा मारायचा. गाडीत किती गरम हवं ते ठरवतो बॉनेटखालचा एक कॉक. त्याची वायर आतल्या मुठीला जोडलेली. मूळची वायर गंजून धरली होती, म्हणून मोहन्याच्या मिस्त्रीने सायकलच्या ब्रेकची वायर ओवली आणि म्हणाला, "शेठ, आता एकदम मक्खन."

मक्खन होतं ते मुठीत. कॉकमध्ये नव्हतं. मूठ बोटभर ओढली तरी काही नाही, अजून नखभर ओढली की उकळतं पाणी सगळंच्या सगळं आत. आमच्या आजीच्या बंबाचा नळसुद्धा निदान थेंबथेंब गळायचा. पुढे जन्मलेल्या गाड्यांनी हा प्रश्न शहाणपणाने सोडवला. त्यांत गरम पाणी सतत वाहू देतात आणि एका झडपेने गरम-गार हवा मिसळतात. फियाटमध्ये मिसळायला होती फक्त दाराची ती त्रिकोणी काच.

ऑगस्टमध्ये आम्ही माळशेजला निघालो. मूठ डावीकडे असल्यामुळे पुढे बसलेली आत्या आपोआप तापमान खात्याची प्रमुख झाली. 2009 पासून बंद पडलेल्या एनआरसी कारखान्याची भिंत मागे पडली, रायत्याच्या पुलाखालून उल्हास नदी गढूळ तोंडाने वाहत होती, गोवेली गेलं, मुरबाड गेलं. पाऊस असा, की काचा वर. चौघांचे श्वास आणि ओल्या छत्र्या, त्यामुळे पुढची काच आतून पांढरी झाली.

"आत्या, मूठ ओढ. गरम वारा लागला की काच साफ होते."

आत्याने ओढली. कोमट फुंकर आली. कारण मिस्त्रीने "अपने इधर कौन लगाता है" म्हणत थर्मोस्टॅटच काढून ठेवला होता. पाणी पुरेसं तापेपर्यंत त्याला मोठ्या रेडिएटरकडे जाऊ न देणं हे थर्मोस्टॅटचं काम; तो नसला की सपाटीवर पाणी तापतच नाही. मग वहिनी मागून वाकून रुमालाने काच पुसायची आणि दादा तिच्या कोपराखालून रस्ता बघायचा. बाहेरून वायपर नुसता पाणी इकडचं तिकडे करत होता. जुने ड्रायव्हर काचेला तंबाखू चोळतात हे दादाला आठवलं. त्याने आत्याकडे चंची मागितली.

"काचेला?" आत्या म्हणाली. "मला पुरेल एवढीच आहे."

टोकावडं सोडलं, वैशाखरे गेलं, घाट लागला. 1089 सीसीचं इंजिन, त्यावर आम्ही चौघं आणि पुढे उसाच्या गाडीच्या चालीने जाणारा ट्रक. दुसऱ्या गिअरमध्ये तापमानाचा काटा वर सरकायला लागला. आता हीटरला खरं काम मिळालं. इंजिन तापलं की हीटर पूर्ण उघडायचा, म्हणजे तेवढीच उष्णता आत येते आणि इंजिनाचा ताप उतरतो. थोडक्यात, गाडीचा ताप प्रवाशांनी आपापसांत वाटून घ्यायचा.

"पूर्ण ओढ, आत्या!"

काच लख्ख झाली. काटा खाली आला. आमच्या कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत आला. आत्याच्या पायाशी ठेवलेल्या डब्यातली थालीपीठं पुन्हा गरम झाली. तिने त्रिकोणी काच उघडली, तर तिथून धबधब्याचा एक फाटा थेट तिच्या खांद्यावर. काच बंद केली की भट्टी, उघडली की अभिषेक. शेवटी तिने मूठ आत ढकलली. काच पांढरी झाली, काटा वर गेला, दादा ओरडला, तिने मूठ ओढली. माथ्यापर्यंत हेच चाललं, आणि प्रत्येक वळणावर आमच्यापैकी कुणीतरी एक सुखात होतं. ती नेहमी गाडीच असायची.

माथ्यावर टपरीत कांदाभजी, भाजलेलं कणीस आणि धुक्यात न दिसणारी दरी. ती सगळ्यांनी बघितली असं सांगितलं. परत गाडीत शिरेपर्यंत चौघंही चिंब, वारा गार, दात वाजत होते.

उतार सुरू झाला. आत्याने स्वतःहून मूठ ओढली. पाय हीटरच्या जाळ्यांसमोर धरले. फुंकर आली ती फ्रीजमधल्यासारखी.

"अरे, लाव ना तुझा तो हीटर."

"पूर्ण चालूच आहे, आत्या. उताराला इंजिनला काही कामच नाही, पाणी गार पडलंय. चढ लागल्याशिवाय ते तापत नाही."

आत्याने पदर घट्ट लपेटला. "मग वळव की गाडी."