वेधशाळा

आमच्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये एक काका आहेत. बँकेतून निवृत्त, साठी ओलांडलेले, पायांत वीस पावसाळे खाल्लेले बूट. तोंडावर त्यांना आम्ही ‘काका’ म्हणतो, पाठीमागे ‘वेधशाळा’.

खऱ्या वेधशाळेशी त्यांचं पटत नाही. पुण्यात हवामान खात्याच्या कचेरीला जुनी माणसं अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. १९२८ साली ती सिमल्याहून इथे आली. काकांच्या लेखी ती अजून बाहेरगावचीच आहे. त्यांचा भरवसा स्वतःच्या डाव्या गुडघ्यावर. (उजवा दुखला तर तो संधिवात.)

जुलैतल्या एका शनिवारी रात्री घाटमाथ्याला ऑरेंज अलर्ट लागला. ग्रुपवर कुणीतरी भीत भीत विचारलं, “काका, उद्या लोहगड नक्की ना?” तत्काळ उत्तर आलं : “नीट वाचत चला. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ असं लिहिलंय. लोहगड काय तुरळक ठिकाण आहे?”

याच्यापुढे कोण बोलणार? सकाळी लोणावळा लोकलने आम्ही बारा जण मळवलीला उतरलो. स्टेशनावर ढग इतके खाली होते की वाकून चालावंसं वाटत होतं. काकांनी मान वर करून हवा हुंगली आणि म्हणाले, “उघडतंय.”

भाजे गाव मागे टाकेपर्यंत पाऊस सुरू झाला. पण तो पाऊस नव्हता. काकांची मोजपट्टी वेगळी आहे. आपण ज्याला सर म्हणतो, ती त्यांची ‘शितडी’. छत्री उलटी झाली की ‘भुरभुर’. गायमुख खिंडीपाशी समोरचा माणूस दिसेना, तेव्हा ते ‘जरा दमट’ झालं. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, चारही दरवाजांतून आम्ही ओढ्यातून चढावं तसे पायऱ्या चढलो. वरून येणारं पाणी बुटात शिरून मोज्यांना भेटून खाली जात होतं. “हे पावसाचं नाही,” काका म्हणाले, “हे कालचं.” त्यांच्या पट्टीवर ‘पाऊस’ हा शब्द आहे की नाही, मला आजवर कळलेलं नाही.

लोहगड २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. तेव्हापासून तिथला वारासुद्धा शिस्तीत वाहतो, असंही त्यांनी सांगितलं. त्याच वाऱ्याने एकीचा पोंचू दरीत नेला.

विंचूकाट्यावर काका खऱ्या अर्थाने खुलले. चहूकडे पांढरं. दुधात उभं राहून दूध बघावं तसं. त्या पांढऱ्यात बोट रोवून ते दाखवू लागले : “हा तुंग. पलीकडे तिकोना. खाली पवनेचं पाणी चमकतंय बघ.” आम्ही बारा जण (काका धरून) माना डोलावत होतो. एकाने तर फोटोही काढला. तेवढ्यात धुकं फाटलं, जेमतेम दोन श्वासांपुरतं, आणि ज्या बोटाच्या टोकाला तुंग होता तिथे विसापूर निघाला.

कुणी हसलं नाही. काकांनी बोट खाली न घेता स्वतःच अर्धा वळसा घेतला. “म्हणजे तुंग बरोब्बर पाठीमागे. तेच सांगत होतो.” धुकं मिटलं.

उतरताना लोहगडवाडीत भजी खाल्ली. भजी गरम होती आणि चहात पाऊस पडत होता, म्हणजे शितडी. परतीच्या लोकलमध्ये आम्ही अकरा जण कावळ्यासारखे भिजून कुडकुडत बसलो होतो. काकांनी सॅकमधून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात दुसरी पिशवी होती, दोन गाठी मारलेली. त्या पिशवीतून निघाला कोरडा शर्ट, कोरडी पँट, मोजे, टॉवेल आणि बुटात कोंबायला गेल्या आठवड्याची वर्तमानपत्रं. शर्टाची बटणं लावता लावता त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. तळेगावला लख्ख ऊन होतं.

“सकाळीच म्हणालो होतो,” ते म्हणाले.

पुढच्या रविवारी राजमाची आहे. कोरडं राहील, असं काकांनी कळवलंय. कुणाकडे एखादा जादा रेनकोट असेल तर कृपया शुक्रवारपर्यंत सांगा.